टीसी काढायची नाही : बीएससीच्या पहिल्या वर्षातून अमेरिकेत बदली-प्रवेश

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ‘ट्रान्सफर’ या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. कर्मचाऱ्याची असेल तर बदली, विद्यार्थ्याची असेल तर टीसी. सप्टेंबर २०२४ मध्ये बीएससी प्रथम वर्षाची एक मुलगी हेडक्लार्कसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, ट्रान्सफरचा अर्ज करायचाय, काय काय लागतंय?” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “साधा अर्ज, नो-ड्यूज, वडलाची सही. चार दिसानं टीसी ने.” आणि मग, “वर्षाच्या मधीच कामून चाललीस?”

नो-ड्यूजवर ग्रंथपालांची सही लागते आणि ते त्या दिवशी रजेवर होते. एवढ्या एका कारणाने हे प्रकरण पुढे घडू शकलं. टीसी निघाली असती तर प्रवेश रद्द, पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म रद्द, आणि जिला कॉलेजचं एक सत्रही पूर्ण करता आलं नाही तिचा अमेरिकेतल्या बदली-प्रवेशाचा, म्हणजे इथलं झालेलं शिक्षण धरून तिकडे पुढच्या वर्षात जाण्याचा, अर्ज कुठेच उघडला गेला नसता. सही मिळाली नाही म्हणून ती स्टाफरूममध्ये आली. मी संख्याशास्त्र शिकवतो. तिची बाकीची गोष्ट मला तिथेच कळली.

मुलगी बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका गावची. वडील तीन भावांत सामाईक असलेली जिरायत जमीन कसतात, सोयाबीन आणि तूर. आई अंगणवाडी सेविका. दहावीला चांगले गुण पडल्यावर मराठवाड्यात जे होतं तेच झालं: लातूर, खोली भाड्याने, नीटची बॅच. २०२३ मध्ये बारावी. नीटमध्ये सरकारी जागेपुरते गुण नाहीत म्हणून एक वर्ष रिपीटर, पुन्हा तेच. मग घराजवळच्या कॉलेजात बीएससी, कारण एसटीचा पास निघतो. गणित आणि संख्याशास्त्र तिने निवडलं ते जीवशास्त्राचा कंटाळा आला म्हणून, असं ती स्वतःच सांगते. पुढे अर्जात मात्र तिने ते ‘आवडीने’ केलं होतं. तो शब्द मी खोडायला लावला.

आधी देशातले रस्ते पाहिले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट इथे जायचं तर प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात. दिल्लीला जायचं तर सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, तेही पहिलंच वर्ष. ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे क्रेडिट जमा ठेवणारं सरकारी खातं, २०२१ पासून कागदावर आहे, तिच्या खात्यात क्रेडिट जमाही होत होते. पण बँकेत पैसे असले म्हणून कुणी घर विकायला तयार असतंच असं नाही. क्रेडिट नेता येतात, जागा नेता येत नाही. नीटमध्ये एक वर्ष गेलेल्या मुलीला दुसरं वर्ष परत शून्यापासून नको होतं. अमेरिकन पदवी चार वर्षांची, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर दुसऱ्या विद्यापीठात जाणं तिकडे नेहमीचं आहे हे तिला मोबाइलवर कळलं होतं. कळलं नव्हतं ते हे, की ज्या विद्यापीठांची नावं तिला माहीत होती तिथे हे नेहमीचं नाही.

यादी

तिच्या वहीत पहिली यादी होती: हार्वर्ड, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी, येल. मी हसलो नाही, पण आम्ही एक रविवार या पाच नावांवर घालवला. हार्वर्ड बदलीने वर्षाला साधारण डझनभर मुलं घेतं, आणि कॉलेजची दोनपेक्षा जास्त वर्षं झालेल्याचा अर्जच घेत नाही. स्टॅनफर्डचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास. प्रिन्स्टनने १९९० नंतर बदली-प्रवेश बंदच ठेवला होता, तो २०१८ मध्ये पुन्हा सुरू केला, आणि तिथे भर आहे तो सैन्यातून आलेले, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधले आणि कमी उत्पन्न गटातले विद्यार्थी यांच्यावर. येलमध्ये पदवी हवी तर किमान चार सत्रं तिथेच काढावी लागतात. दुसरीकडे कॉर्नेलसारखं विद्यापीठ दरवर्षी शेकड्यांनी बदलीची मुलं घेतं. म्हणजे ‘मोठं नाव’ आणि ‘बंद दार’ ही एकच गोष्ट नाही.

पण आमच्या प्रकरणात खरी चाळणी होती पैशाची. अशा खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च तेव्हा ८५ ते ९० हजार डॉलर, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर लाख रुपये. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता निवड करणाऱ्या आणि लागेल तेवढी मदत देणाऱ्या संस्था मोजक्या: वरची स्टॅनफर्ड सोडून चारही नावं, ॲमहर्स्टसारखं एखादं छोटं कॉलेज, आणखी काही. बाकीच्या ठिकाणी मदत मागणं हेच नकाराचं कारण होऊ शकतं. त्यातही नव्या विद्यार्थ्याला जी मदत मिळते ती बदलीच्या परदेशी विद्यार्थ्याला मिळेलच असं नसतं, आणि हे वाक्य वेबसाइटवर बहुधा सगळ्यात खाली असतं. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच मेल पाठवला: “परदेशी बदली-विद्यार्थ्याला आर्थिक मदत मिळते का?” चाळीसेक मेल गेले. तीन आठवड्यांत यादी पुसत पुसत आठांवर आली. तीन मोठी विद्यापीठं, पाच छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे मुख्यतः पदवीपुरतीच, कला आणि विज्ञान दोन्ही शिकवणारी. छोट्या कॉलेजांची नावं तिच्या मामाने कधी ऐकली नव्हती, त्यामुळे त्याला ती ‘बोगस’ वाटली.

शिष्यवृत्तीचं मामाने फार मनावर घेतलं होतं. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे ना, म्हणाला. आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही तशीच. पदवीसाठी परदेशी जाणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाला जे काही मिळायचं ते त्या विद्यापीठाकडूनच. शहरातल्या एका एजंटने मामाला दुसरा मार्ग सांगितला: मदत न देणारं विद्यापीठ, ‘गॅरंटी ॲडमिशन’, आणि जमीन तारण ठेवून कर्ज. कमिशन त्याला तिकडूनच मिळणार होतं. वडिलांनी सातबारा कपाटातून काढलाच नाही, ही त्यांची या प्रकरणातली सगळ्यात मोठी मदत.

कागद

अर्ज ‘कॉमन ॲप’वरून, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन अर्जावरून. त्यात बदलीचा वेगळा विभाग आहे. निबंध, गुणपत्रकं, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं, एक कॉलेज रिपोर्ट आणि एक मिड-टर्म रिपोर्ट. यादी वाचायला सोपी आहे. अडचण अशी, की ही सगळी यादी अशा कॉलेजसाठी बनवलेली आहे जिथे शिकवणाराच अभ्यासक्रम ठरवतो, पेपर काढतो आणि गुण देतो. आमच्याकडे अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, पेपर आणखी कुणी काढतं, तपासतं तिसरंच कुणी. मी तिला वर्षभर शिकवलं, पण तिच्या गुणपत्रकात माझ्या हातचे असतात ते अंतर्गत मूल्यमापनाचे थोडे गुण. मराठवाड्यात अशा कॉलेजांना संलग्नता देणारी विद्यापीठं दोन, १९५८ चं छत्रपती संभाजीनगरचं आणि १९९४ चं नांदेडचं. आमचं कॉलेज त्यातल्या एकाला संलग्न, आणि संलग्न कॉलेजची रीत दोन्हीकडे हीच.

मिड-टर्म रिपोर्टवर हे पहिल्यांदा आपटलं. त्यात चालू सत्रातल्या प्रत्येक विषयाचे ‘आत्तापर्यंतचे गुण’ विचारतात आणि शिक्षकाची सही मागतात. आमच्याकडे ‘आत्तापर्यंत’ असं काही नसतं. निकाल लागेपर्यंत काहीच नसतं. काही मुलं तो रकाना रिकामा सोडतात. आम्ही सहा शिक्षकांना गाठून घटक चाचणीचे गुण मागितले आणि लेटरहेडवर अर्ध्या पानाचं निवेदन जोडलं: सत्रात अंतिम गुण कसे ठरतात, हे गुण कशाचे आहेत, अंतिम निकाल केव्हा लागेल. शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. जावक क्रमांकाला अमेरिकेत किंमत नसेल, पण प्राचार्यांची सही त्याशिवाय मिळत नाही.

कॉलेज रिपोर्ट प्राचार्यांच्या मेलवर येतो. प्राचार्यांचा मेल म्हणजे ऑफिसचा जीमेल, आणि त्याचा पासवर्ड संगणक ऑपरेटरकडे. लिंक दोनदा स्पॅममध्ये सापडली. त्या फॉर्ममधले प्रश्न साधे आहेत: ही मुलगी तुमच्याकडे शिकते का, तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ती परत तुमच्याकडे प्रवेश घेऊ शकते का. शेवटच्या प्रश्नावर हेडक्लार्क थबकले. “म्हंजे हिची टीसी काढायची नाही?” नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत नाही. हा एक मुद्दा आम्ही त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवला.

पहिल्या सत्राची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत झाली. अर्जांची मुदत १ आणि १५ मार्चला. निकाल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लागला. तोवर अर्ज बारावीच्या गुणांवर उभा होता. एकच वर्ष शिकून बदली मागणाऱ्याच्या बाबतीत हे अटळ असतं; कॉलेजचं काही दाखवायला नसतं, म्हणून शाळेचे गुणच वजनात धरतात. दोन वर्षं थांबली असती तर कॉलेजचं पारडं जड झालं असतं, पण मग दोनपेक्षा जास्त वर्षांचं श्रेय अशा बहुतेक ठिकाणी देत नाहीत. मी थांब म्हणालो होतो. तिने ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर निघालं असं मला अजून वाटत नाही. निघालं एवढंच.

पत्र

माझं पहिलं शिफारसपत्र मी वीस मिनिटांत लिहिलं. हुशार, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. एमपीएससीच्या मुलांना देतो तो चारित्र्याचा दाखला, इंग्रजीत. तिने ते वाचलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “सर, हे कुणाचंही चालेल.”

मग मला परसाची गोष्ट आठवली. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात; एक परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. ही मुलगी दिवाळीपासून गावातल्या चौदा विहिरींची पाणीपातळी दर रविवारी मोजत होती, गाठी मारलेल्या दोरीने. सोबत मालकालाही विचारायची, “आबा, पाणी किती हाय?” आणि दोन्ही आकडे वहीत. नोव्हेंबरमध्ये ती माझ्यापुढे ती वही ठेवून म्हणाली की चार मालकांचा परस दोरीपेक्षा नेहमी लहान निघतो, दोघांचा नेहमी मोठा, आणि बाकीचे कधी इकडे कधी तिकडे. चूक माणसाची का दोरीची? तो पद्धतशीर त्रुटी आणि यादृच्छिक त्रुटी यांतला फरक होता. आमच्या अभ्यासक्रमात तो असा येतच नाही. ती विहिरीच्या काठावर बसून तिथे पोहोचली होती. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. हिच्याकडे दर आठवड्याची होती. काळ्या खडकातल्या विहिरी मुरमात आणि भेगांत पाणी धरतात, पावसाबरोबर झटकन भरतात आणि झटकन उतरतात. वर्षातून चार आकड्यांत हा उतार कसा सापडेल, हा तिचा दुसरा प्रश्न होता. मला उत्तर येत नव्हतं. हे मी पत्रात लिहिलं, की मला उत्तर येत नव्हतं. पत्र दीड पानाचं झालं, त्यात ‘हुशार’ हा शब्द नाही.

निबंधाचंही तसंच झालं. बदलीच्या अर्जात एकच खरा प्रश्न असतो: आहे ते कॉलेज सोडून इथे का? पहिल्या मसुद्यात लातूरची पाण्याची रेल्वे होती. एप्रिल २०१६, मिरजेहून आलेली जलदूत, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, स्टेशनवर गर्दी. वाचून डोळ्यांत पाणी यावं असं लिहिलं होतं. पण त्या वेळी ती नऊ-दहा वर्षांची, लातूरपासून लांब गावात, आणि रेल्वे तिने टीव्हीवर पाहिलेली. त्या निबंधात मराठवाडा होता, ती नव्हती. दुसऱ्या मसुद्यात आमचं कॉलेज होतं: लॅब नाही, लायब्ररीत जुनी पुस्तकं, तासाला मुलं नसतात. सगळं खरं. पण तक्रार म्हणजे कारण नव्हे. इथे वाईट आहे म्हणणारा तिकडे गेल्यावरही काहीतरी वाईट शोधील, असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि मला त्याचं चूक वाटत नाही. तिसऱ्यात परस आला. त्यात कॉलेजबद्दल एकच वाक्य राहिलं: इथल्या अभ्यासक्रमात भूजलशास्त्र नाही आणि कालमालिका, म्हणजे वेळेनुसार घेतलेल्या आकड्यांचा अभ्यास, तिसऱ्या वर्षात येते, आणि माझ्या वहीला दोन्ही आत्ता हवं आहे.

घरचा हिशेब

आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या ऐपतीचा फॉर्म भरायचा. त्यात पालकांचा पगार, बचत, घराची किंमत, निवृत्तीची तरतूद. वडिलांनी ‘निवृत्ती’वर विचारलं, “हे काय असतंय?” शेती उत्पन्नावर आयकर नसतो म्हणून रिटर्न नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मराठीत, त्याचं भाषांतर करून नोटरी केलं. सोयाबीनच्या विक्रीच्या पट्ट्या बाजार समितीतून आणल्या. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि पट्टीवरचा भाव त्याच्या बराच खाली. सगळ्यात अवघड रकाना जमिनीच्या बाजारभावाचा. रस्त्याकडेच्या रानाला भाव चांगला, त्यामुळे कागदावर हे कुटुंब श्रीमंत दिसत होतं. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं, वाटणी झालेली नाही, विकायची तर तिघांच्या सह्या. हे दोन परिच्छेदांत लिहून जोडलं. एका कॉलेजने उलट मेल करून विचारलं की सामाईक म्हणजे नेमकं काय. त्या मेलने मला धीर आला. कुणीतरी वाचत होतं.

अर्जाची फी प्रत्येकी ७५ ते १०० डॉलर. मागितली तर माफ होते. आठही ठिकाणी झाली. इंग्रजीची परीक्षा तिने घरून दिली, पहाटे, कारण तेव्हा नेट चालतं आणि शेजारची पिठाची गिरणी बंद असते.

मे महिन्यात सात नकार आले. तिन्ही मोठी विद्यापीठं त्यात. आठवं उत्तर एका छोट्या कॉलेजचं होतं: प्रवेश, आणि घरच्यांनी वर्षाला साधारण सव्वा लाख रुपये द्यायचे, बाकी मदत. मामाने विचारलं, “त्या यादीतलं बोगस का?” हो, तेच.

पुढचं प्रकरण क्रेडिटचं. वर्षाचे चाळीसेक क्रेडिट तिच्या खात्यात होते, आमच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. तिकडच्या विभागांनी प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम मागवून वाचला. कॅल्क्युलस मान्य, संख्याशास्त्राचा पहिला पेपर मान्य, भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांसह मान्य. नव्या शैक्षणिक धोरणात आलेले मूल्यवर्धन, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली हे पेपर गेले. निम्म्याहून जास्त गेलं म्हणायचं. मराठीमुळे मात्र परभाषेची अट माफ झाली, आणि ज्या विषयाला घरात ‘आर्ट्सवाल्यांचा’ म्हणत होते त्याने दोन सत्रं वाचवली. आम्ही लगेच दुसरा मेल टाकला: क्रेडिट कमी धरल्यामुळे साडेतीन वर्षं लागली तर मदतही साडेतीन वर्षं का? उत्तर लेखी घेतलं. बदलीच्या मुलांना हा फटका तिसऱ्या-चौथ्या वर्षी बसतो, आणि तेव्हा विचारायला उशीर झालेला असतो.

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रवेशपत्र, हातात आलं आणि २७ मे २०२५ ला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा थांबवल्या. जूनच्या मध्यानंतर त्या सुरू झाल्या, समाजमाध्यमांची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायच्या अटीसह. तिच्या खात्यावर बैलपोळ्याचे फोटो आणि विहिरींचे आकडे होते. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी नोंदणीची, फी तेव्हा ३५० डॉलर होती, व्हिसाची १८५. दोन्ही मिळून सेहेचाळीस हजारांच्या आसपास. आईने पाटल्या गहाण ठेवल्या, मोडल्या नाहीत, हे ती आवर्जून सांगते. त्या तीन आठवड्यांत तिने द्वितीय वर्षाचा प्रवेश फॉर्म भरला, पाससुद्धा काढला. तारीख मिळाली नसती तर तिसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला ती माझ्यासमोर बसली असती. जुलैच्या अखेरीस मुंबईत मुलाखत झाली, चार मिनिटांची. पैसे कोण देणार, काय शिकणार, परत येऊन काय करणार. विहिरी, म्हणाली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. सप्टेंबरमध्ये वडील प्रवेश रद्द करायला ऑफिसात आले. हेडक्लार्कने काचेखालचा कागद काढून फेकला, टीसीचं पुस्तक उघडलं आणि ‘कॉलेज सोडण्याचं कारण’ या रकान्यावर पेन टेकवलं. तो रकाना एक ओळीचा असतो.

“काय लिहू सर?”

मी काही सुचवण्याआधी त्यांनी नेहमीचं लिहून टाकलं: पालकांच्या विनंतीवरून.

वडिलांनी वाकून वाचलं. “इनंती मी कवा केली?” म्हणाले, आणि सही केली.